‘माया’ म्हणजे काय? आधी सांगा, कुठली माया?

मुलींच्या नावांची कुठलीही यादी उघडा आणि ‘माया’पाशी थांबा. समोर अर्थ दिलेले असतात: भ्रम, प्रेम, पाणी, आई, थोर, मे महिना, शूर. एका ओळीत, स्वल्पविराम देऊन, जणू हे सगळे एकाच शब्दाचे पैलू. गंमत अशी की यातला जवळजवळ प्रत्येक अर्थ कुठल्या ना कुठल्या भाषेत सापडतो. घोटाळा आहे तो स्वल्पविरामांत. एकमेकांशी नातं नसलेली पाच-सहा नावं योगायोगाने सारखी ऐकू येतात आणि यादी करणारा ती एकाच ओळीत कोंबतो.

नावाचा अर्थ नुसत्या उच्चारावरून कळत नाही. ते कुठल्या भाषेतून निघालं, कुठल्या वाटेने आलं आणि ठेवणाऱ्याच्या मनात काय होतं, हे पाहावं लागतं. ‘माया’ हे नाव यासाठी फार उपयोगी आहे, कारण इतक्या वाटा एकाच उच्चाराशी येऊन मिळाल्याची उदाहरणं थोडी.

सुरुवात आपल्या ओळखीच्या मायेपासून करू. ‘माया म्हणजे भ्रम’ हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की तोच मूळ अर्थ असावा असं वाटतं. ऋग्वेदात मात्र माया हे सामर्थ्य आहे. काहीतरी अद्भुत घडवून दाखवण्याची शक्ती, कसब. ते देवांकडे असतं तसं त्यांच्या शत्रूंकडेही असतं, त्यामुळे शब्द स्वतः चांगलाही नाही आणि वाईटही नाही. वैदिक शब्दांचा जुना संग्रह असलेल्या ‘निघंटू’ने तर माया हा शब्द ‘प्रज्ञा’ या अर्थाच्या शब्दांमध्ये घातला आहे. सहाव्या मंडलात इंद्र मायांच्या बळावर अनेक रूपं घेऊन वावरतो: ‘इन्द्रो मायाभिः पुरुरूप ईयते’. पाचव्या मंडलातल्या वरुणाच्या सूक्तात कवी म्हणतो, ‘महीं मायां वरुणस्य प्र वोचम्’, वरुणाची थोर माया मी सांगतो. कसली माया? अंतरिक्षात उभं राहून वरुणाने सूर्याच्या मापाने पृथ्वी मोजली, ती. तिथे मोजण्यासाठी ‘ममे’ हे क्रियापद आलंय, त्याचा धातू ‘मा’. आपले मान, माप, प्रमाण, परिमाण हे सगळे त्याच धातूचे, आणि माया या शब्दाचं नातंही परंपरेने त्याच्याशीच जोडलं जातं. मोजून-मापून आकार देण्याची ही विद्या. त्या ओळीतला ‘महीं’ हा शब्दही ध्यानात असू द्या, त्याची गरज पुढे रोममध्ये पडणार आहे.

मग भ्रम कधी आला? जो काहीही घडवू शकतो तो नसलेलंही भासवू शकतो. अद्भुत कसबाकडून जादूकडे, जादूकडून कपटाकडे आणि तिथून आभासाकडे अर्थ सरकत गेला. श्वेताश्वतर उपनिषद सांगतं की माया ही प्रकृती समजावी आणि मायेचा धनी तो महेश्वर. पुढे अद्वैत वेदान्तात या शब्दाला तत्त्वज्ञानातली नेमकी जागा मिळाली: एकच असलेलं ब्रह्म नाना रूपांचं जग होऊन दिसतं, ते मायेमुळे. कीर्तन-प्रवचनांतून आपल्यापर्यंत पोहोचली ती मुख्यतः ही माया, मोहपाशवाली.

पण ‘कुणी आपल्या लेकीचं नाव भ्रम का ठेवेल?’ असं विचारणारे एक गोष्ट विसरतात. देवीमाहात्म्यात ‘या देवी सर्वभूतेषु विष्णुमायेति शब्दिता’ म्हणून जिला नमस्कार केला आहे तीही मायाच. कृष्णजन्माच्या कथेत कंसाच्या हातून निसटून आकाशात जाणारं तान्हं बाळ म्हणजे योगमाया. सप्तपुरींच्या श्लोकात ‘अयोध्या मथुरा माया’ येतं, तिथली माया म्हणजे हरिद्वार, जिथे मायादेवीचं मंदिर आहे. नाव म्हणून माया ही या अंगाने आलेली आहे; वेदान्ताच्या नव्हे.

मराठीने या शब्दाला आणखी वेगळं वळण दिलं. आपण कुणाला माया लावतो, कुणी भरपूर माया जमवतं आणि शिवताना शिवणीच्या आत चार बोटं माया सोडतात. प्रेम, पैसा आणि जादा कापड, तिन्हींना एकच शब्द! मराठी कानाला त्यात ‘माय’ही ऐकू येते. वास्तविक ‘माय’ हा ‘माता’ या शब्दाचा प्राकृतातून घासून आलेला अवतार, त्याची वाट निराळी. पण दोघी शेजारी राहिल्या आणि मायाळूपणाची छटा गडद झाली. नेपाळीत तर माया म्हणजे सरळ प्रेम, आणि तिथे हे बायकांचं अगदी रोजच्या वापरातलं नाव आहे.

संस्कृत माया दूरदेशी गेली ती मात्र एका आईमुळे. गौतम बुद्धाच्या आईचं नाव माया, आदराने महामाया किंवा मायादेवी. लुंबिनीत तिने सिद्धार्थाला जन्म दिला आणि परंपरेनुसार सातच दिवसांत ती गेली. मुलाला वाढवलं तिची बहीण महाप्रजापती गौतमी हिने. बौद्ध धर्म जिथे जिथे गेला तिथे तिथे ही कथा आणि तिच्यासोबत हे नाव गेलं. चिनी भाषांतरकारांनी त्याचा अर्थ न सांगता उच्चार चिनी अक्षरांत बसवला आणि तीच दोन अक्षरं जपानने उचलली. कोबे शहरामागे सुमारे ७०० मीटर उंचीचा एक डोंगर आहे, त्याचं नाव माया. तिथल्या तेंजोजी मंदिरात बुद्धमातेची मूर्ती आहे. मूळ मूर्ती कूकाई या भिक्षूने चीनहून आणली असं परंपरा सांगते. पुढे जपानी नौदलाने आपल्या जड क्रूझरांना डोंगरांची नावं दिली, तेव्हा एकीचं नाव पडलं ‘माया’. १९३२ मध्ये सेवेत आलेली ही युद्धनौका २३ ऑक्टोबर १९४४ रोजी पलावान बेटाजवळ अमेरिकन पाणबुडीच्या टॉर्पेडोंनी बुडाली. २०२० मध्ये याच नावाची नवी विनाशिका आली. कपिलवस्तूच्या राणीचं नाव तोफा लावलेल्या जहाजावर! नावं कुठून कुठे जातात याचा याहून चांगला नमुना मला तरी माहीत नाही.

मात्र आजच्या जपानी मुलीचं नाव माया असेल तर ती बुद्धमातेचीच, असं धरून चालू नका. जपानीत नावाचा उच्चार एक आणि ते लिहिण्याची अक्षरं अनेक असू शकतात. एका घरात माया लिहितात ‘खरा’ आणि ‘बाण’ या अर्थांच्या अक्षरांनी, दुसऱ्या घरात ‘खरा’ आणि ‘रात्र’ यांनी, तिसरीकडे पहिलं अक्षर ताग-अंबाडीचं असतं. त्यामुळे जपानी नावाचा अर्थ विचारायचा तर आधी ते लिहून दाखवायला सांगावं लागतं.

आग्नेय आशियात संस्कृत शब्द म्हणूनच माया पोहोचली आणि तिथे तिने आधुनिक पोशाख चढवला. इंडोनेशियन भाषेत ‘दुनिया माया’ म्हणजे इंटरनेटचं आभासी जग. बातम्यांत, सरकारी भाषेत, रोजच्या बोलण्यात हाच शब्द. वेदान्त्यांना हे ऐकून हसू फुटलं असतं. थाई भाषेत मायेचं वर्तुळ म्हणजे सिनेमा-टीव्हीचं झगमगतं विश्व.

आता पश्चिमेला जाऊ. ग्रीक पुराणकथांत ‘माइया’ ही अ‍ॅटलसच्या सात मुलींपैकी थोरली. या सात बहिणी म्हणजे आकाशातला प्लाइअडीज तारकापुंज, आपल्या कृत्तिका, आणि त्यातल्या एका ताऱ्याला आजही माइयाच म्हणतात. आर्केडियातल्या किलीनी पर्वतावरच्या गुहेत तिने झ्यूसपासून झालेल्या हर्मीसला जन्म दिला. पण ग्रीकमध्ये हे नाव होण्याआधीपासून तो साधा बोलण्यातला शब्द होता: वयस्कर बाईला, दाईला, सुईणीला प्रेमाने मारलेली हाक. ‘ओडिसी’त पेनेलोपी म्हाताऱ्या दाईला, युरिक्लियाला, याच शब्दाने हाक मारते. सॉक्रेटिसच्या प्रश्न विचारत विचारत समोरच्याकडूनच उत्तर काढून घेण्याच्या पद्धतीला पाश्चात्त्य भाषांत जे नाव आहे तेही याच सुईणीच्या शब्दावरून आलेलं. त्याची आई फेनारिटी सुईण होती, आणि मी लोकांच्या विचारांचं बाळंतपण करतो, असं प्लेटोच्या संवादात तो म्हणतो.

रोममध्ये एक माइया आधीपासून होती, आणि ती या ग्रीक माइयेची कुणी नव्हे. ती इटलीतली जुनी देवता, वाढीची आणि वसंताची. १ मे रोजी व्हल्कन देवाचा पुरोहित तिला गाभण डुकरिणीचा बळी देई. पुढे रोमनांनी आपला मर्क्युरी आणि ग्रीकांचा हर्मीस एकच ठरवला. हर्मीसची आई माइया, म्हणून मर्क्युरीची आईही माइया, आणि मग घरची माइया व पाहुणी माइया एकच होऊन गेल्या. दोन निराळ्या देवी केवळ उच्चार जुळल्यामुळे एक झाल्या. आजच्या याद्यांतली चूक दोन हजार वर्षं जुनी आहे म्हणायची.

मे महिन्याचं नाव या माइयेवरून पडलं असं सर्रास सांगतात, पण रोमन कवी ओव्हिड यालाही याची खात्री नव्हती. आपल्या पंचांग-काव्याच्या पाचव्या सर्गात तो तीन खुलासे देतो, राजमहत्तेची देवी, वाडवडील किंवा माइया, आणि निकाल न देता पुढे जातो. या तिन्हींच्या लॅटिन शब्दांच्या मुळाशी ‘मोठं असणं’ आहे, हे मात्र खरं.

इथे तो वेदातला शब्द बाहेर काढू. भाषाशास्त्रज्ञ नातं ठरवतात ते दोन शब्द सारखे ऐकू येतात म्हणून नव्हे, तर त्यांच्यातला फरक नियमाने येतो म्हणून. संस्कृतात जिथे ‘ह’ आहे तिथे काही शब्दांत ग्रीक-लॅटिनमध्ये ‘ग’ दिसतो. आपला ‘अहम्’, त्यांचा ‘एगो’. आपली ‘हनु’ म्हणजे जबडा, ग्रीकांचा ‘गेनुस’ म्हणजे जबडा. आपला ‘महत्’, ग्रीकांचा ‘मेगास’, लॅटिनचा ‘माग्नुस’. रोमची माइया या ‘माग्नुस’च्या घराण्यातली, ‘ती थोर’ अशा अर्थाची. म्हणजे संस्कृतातलं तिचं भावंड माया नव्हे, तर ‘मही’, ‘महा’. वरुणाच्या त्या ऋचेत ‘महीं मायां’ हे शब्द लागून येतात. रोमन देवीचं नातं लागतं ते त्यातल्या पहिल्याशी. कानाला दुसरा जवळचा वाटतो आणि कान फसतो.

युरोपात आज सर्वाधिक दिसणारी माया मात्र या देवींकडून थेट आलेली नाही. स्वीडनमध्ये माया हे मारियाचं लाडकं रूप आहे, जुनं आणि घरगुती. मारिया आली हिब्रू मिर्यामवरून. तेव्हा स्वीडिश मायेचं खोड हिब्रू आहे. उलट इस्रायलमध्ये माया हे अतिशय आवडतं नाव असलं तरी ते बायबलमध्ये नाही; तिथे लोक ते ‘मायिम’ म्हणजे पाणी या शब्दाशी जोडतात, आणि यादीतला ‘पाणी’ हा अर्थ तिथून येतो. स्लाव्ह भाषांत मारियाचं लाडकं रूप आणि ‘माय’ म्हणजे मे महिना या दोन्ही धारा मिसळल्या आहेत. पोलिश, सर्बियन, क्रोएशियन, जर्मन, स्वीडिश या भाषांच्या रोमन लिपीत इंग्रजीतल्या ‘जे’ या अक्षराचा उच्चार ‘य’ होतो, म्हणून मराठी बातम्यांत कधी कधी बिचारीची ‘माजा’ होते. ही माया जगभर पोहोचवण्यात एका मधमाशीचा मोठा वाटा आहे: १९१२ मध्ये जर्मन लेखक वाल्डेमार बोन्सेल्स यांनी लिहिलेल्या बालकथेतली माया, जिच्यावर १९७५ मध्ये जपानी कार्टून मालिका निघाली.

रशियात मात्र मे महिना म्हटलं की क्रांतीनंतरच्या काळात १ मे, कामगार दिन. तेव्हा नव्या राजवटीला शोभतील अशी नावं शोधण्याची लाट होती. व्लादिमिर लेनिनवरून व्लादलेन, लेनिन उलटं वाचून निनेल. त्या लाटेत ‘माइया’लाही भाव आला. सर्वांत प्रसिद्ध सोव्हिएत माइया म्हणजे बॅले नर्तिका माइया प्लिसेत्स्काया. जन्म १९२५ चा, पण नोव्हेंबरातला, तेव्हा निदान जन्ममहिन्यावरून तरी ते पडलेलं नाही. जॉर्जियातही हे नाव चांगलं रुळलं: माइया चिबुर्दानिद्झे १९७८ ते १९९१ महिलांची बुद्धिबळ जगज्जेती होती.

उरलेल्या माया आता भराभर पाहू, कारण त्यांचं एकमेकींशी काही देणंघेणं नाही. अरबीत ‘मय्या’ हे इस्लामपूर्व काळापासूनचं नाव. सहाव्या शतकातल्या नाबिगा या कवीची सुप्रसिद्ध कविता मय्याच्या ओसाड पडलेल्या वस्तीला साद घालून सुरू होते. त्यात ‘य’वर जोर आहे, ‘मा’ लांबत नाही. न्यूझीलंडच्या माओरी भाषेत ‘माइया’ म्हणजे शूर, धीट. फिलिपिन्समध्ये माया हा चिमणीसारखा छोटा पक्षी, १९९५ पर्यंत तो तिथला राष्ट्रीय पक्षी होता. मग ती जागा गरुडाला मिळाली. तुर्कीत माया म्हणजे पीठ फुगवणारं आंबवण, हा शब्द फारसीतून आला, आणि हिंदी-उर्दूतल्या ‘सरमाया’ म्हणजे भांडवल या शब्दातला मायाही फारसीच. स्पेनमधलं ‘अमाया’ हे बास्क नाव तर पूर्ण वेगळं. त्याचा अर्थ ‘शेवट’. आणि मध्य अमेरिकेतले माया लोक? ते एका मोठ्या समाजाचं नाव आहे. युकातानमधल्या मायापान या जुन्या नगरीच्या नावात ते दिसतं आणि त्यांच्या सुमारे ३० भाषा आजही बोलल्या जातात. कुणा मयासुराने तिथे जाऊन पिरॅमिड बांधले, ही कल्पना मनोरंजक आहे, एवढंच. मयासुराचं नाव तर मुळात ‘मय’, ‘माया’ नव्हेच.

इतके योगायोग कसे? उत्तर बरंचसं तोंडाच्या रचनेत आहे. ‘म’ म्हणायला ओठ मिटायचे, ‘आ’ म्हणायला उघडायचे. बाळाच्या तोंडून सर्वांत आधी निघणाऱ्या आवाजांत हे दोन असतात. भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसन यांनी १९६० च्या सुमारास ‘मामा’ आणि ‘पापा’ हे शब्द जगभर का आढळतात यावर लिहिलं. दूध पिताना ओठ अडलेले असतात, तेव्हा नाकातून जो हुंकार निघू शकतो तो ‘म’सारखा असतो, पुढे भूक लागली की बाळ तोच काढतं आणि मोठी माणसं त्याचा अर्थ ‘आई’ लावतात, असं त्यांचं म्हणणं. आई, अम्मा, दाई, मावशी यांच्या हाका म्हणून अनेक भाषांत ‘म’ने भरलेल्या असतात, आणि ग्रीक माइया बहुधा अशाच बाळबोलीतून आली. हा नियम नव्हे, कल आहे. जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे बाप आणि ‘देदा’ म्हणजे आई. शिवाय जगात भाषा हजारो, आणि दोन अक्षरांचे सोपे शब्द मोजकेच. काही ठिकाणी टक्कर व्हायचीच.

म्हणूनच कुणी ‘ग्रीक माइया म्हणजे आई, मराठीत माय म्हणजे आई, म्हणजे मूळ एकच’ असं सांगितलं की सावध व्हावं. शब्दाचं सर्वांत जुनं रूप काय होतं, मधल्या काळातले लेख कुठे आहेत, ध्वनींतला फरक इतर शब्दांतही तसाच दिसतो का, एवढे तीन प्रश्न विचारले तरी बहुतेक चमकदार व्युत्पत्ती गळून पडतात. ‘माता’, ग्रीक ‘मेतेर’ आणि लॅटिन ‘मातेर’ या परीक्षेत टिकतात. ‘माय’ आणि ‘माइया’ टिकत नाहीत.

पुष्कळदा नावाचा अर्थ शब्दकोशाबाहेरच ठरतो. कीव्हमध्ये १९१७ साली जन्मलेली एलिओनोरा अमेरिकेत प्रयोगशील चित्रपट करू लागली आणि १९४३ मध्ये तिने माया डेरेन हे नाव घेतलं. स्वप्न आणि जाग यांतली रेघ पुसणारे चित्रपट करणाऱ्या बाईने बुद्धमातेचं आणि आभासाचं नाव घ्यावं, हे शोभून दिसतं. संस्कृतशी कौटुंबिक संबंध काही नसताना तिची माया पूर्णपणे संस्कृत आहे. उलट अमेरिकन कवयित्री माया अँजेलो. १९२८ मध्ये सेंट लुईसला जन्मलेल्या या मुलीचं नाव मार्गरिट. थोरला भाऊ बेली तिला मार्गरिट म्हणायचा नाही, ‘माझी बहीण’ अशा अर्थाची इंग्रजी हाक मारायचा. ती आखडत नुसती ‘माय’ म्हणजे ‘माझी’ एवढीच उरली आणि नंतर वाढून ‘माया’ झाली. हे तिने स्वतःच आत्मचरित्रात लिहिलंय. तिच्या नावात ना वरुण आहे, ना रोमन देवी, ना मे महिना. आणि ‘माझी’ हा अर्थ कुठल्याही यादीत सापडत नाही.